खडूची रेघ

मॅडम रजिस्टर धरतात, मी खडू.
टायरवर एक रेघ, तिच्याच खाली डांबरावर एक.
आठ दिवसांनी दोन्ही रेघा समोरासमोर असल्या
तर गाडी बेवारस.
इतकं सोपं काम आहे.

कोपरखैरण्यात सेक्टर अठरापासून तीन टाकीपर्यंत
माझ्या रेघा आहेत.
एका सॅन्ट्रोत मांजर व्यायली,
तिला आम्ही पंधरा दिवस जास्त दिले.
नोटीस चिकटवायची खळ मी घरून आणतो, मैद्याची.
ऑफिसचा गोंद मार्चनंतर येत नाही.

तो छोटा हत्तीसुद्धा तसाच गेला असता.
एमएच त्रेचाळीस, पुढचं गंजानं खाल्लेलं,
हौद्यात कांद्याची सालं,
उडायचंही विसरलेली.
मी वाकून रेघ ओढत होतो
तर समोरच्या बैठ्या घरातून बाई आली,
पिठाचे हात तसेच.
म्हणाली, बेवारस कशाला लिहिता?
मी आहे ना.

कागद?
कागद ज्ञानदेव बोऱ्हाडेच्या नावावर.
मग बोऱ्हाडेंना बोलवा, मॅडम म्हणाल्या.
तेच तर म्हणते, तुम्हीच बोलवा.
तीन वर्षं झाली.
मार्केटला जाऊन येतो म्हणाला, गाडी इथं लावून
चालत गेला.
दोनशेचं डिझेल होतं आत.

चौकीत अर्ज आहे तिचा.
तिथं माणसाचा रकाना असतो, गाडीचा नाही.
आमच्याकडं गाडीचा आहे.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
नोटिशीत काय असतं ते मला पाठ आहे:
सदर वाहन उचलून तुर्भे येथे नेण्यात येईल,
मुदतीनंतर लिलाव.
लिलाव म्हणजे वजनकाटा.

बाई म्हणाली, गाडी हलवली तर
त्याला घर कसं सापडायचं?
इथली सगळी दारं एकसारखी.
घेतलेली असली की
गाडी बघूनच वळायचा तो.

मॅडम माझ्याकडं तोंड करून बोलल्या,
पण आवाज जरा मोठा:
गाडी जागची हललेली दिसली तर रेघ मोडते.
रेघ मोडली की तपास पुन्हा पहिल्यापासून.
किती हलली पाहिजे,
ते परिपत्रकात नाही.

पुढच्या सोमवारी चारही टायरांत हवा.
पंक्चरवाला अन्सारी उधारीवर भरून गेलेला.
टायरवरची रेघ चढून गेली होती,
डांबरावरची तिथंच,
मधे वीतभर अंतर.
पहाटे ढकललं म्हणे, शेजारची दोन पोरं,
पाळी सोडून आलेला एक रिक्षावाला
आणि ती.
मी लिहिलं: वाहन हललेले आढळले.
नवी रेघ ओढली.

मग हे चालूच राहिलं.
एका महिन्यात वीतभर पुढं,
दुसऱ्या महिन्यात वीतभर मागं.
गाळेवाल्या छाजेडचे दोन तक्रार अर्ज आले,
त्यांना दोन उत्तरं गेली,
दोन्ही खरी होती.

आता मॅडमची दिघ्याला बदली झालीय.
नवे साहेब मोबाइलवर फोटो काढतात,
खाली जागेचे आकडे आपोआप उमटतात,
अक्षांश, रेखांश, वेळ.
वीतभर हललेलं
त्या आकड्यांना कळत नाही.
साहेब म्हणाले, तुझा खडू ठेव आता.

काल सुट्टी होती तरी मी गेलो.
तिला म्हटलं, हौसाबाई, वीत पुरायची नाही यापुढं.
मग किती?
विजेच्या त्या डीपीपर्यंत तरी.
ती डीपीकडं बघत राहिली, मग दाराकडं.
म्हणाली, तिथनं आमचं दार दिसतं का?

मी डीपीपाशी जाऊन उभा राहिलो.
बाजारातून येणारा माणूस ज्या बाजूनं येईल
त्या बाजूला तोंड केलं, मग वळलो.

दिसत होतं.
जरा वाकावं लागत होतं.